दहा मिनिटांचे आकाश

हौशी रेडिओचे बहुतेक उपग्रह चारशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही साधारण ४२० किलोमीटरवरून फिरते आणि त्यावरही हौशी रेडिओचे संच आहेत. अशी वस्तू कोल्हापूरच्या थेट डोक्यावरून गेली, तरी क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत तिला सुमारे दहा मिनिटे लागतात. बाजूने, आकाशात खालून गेली तर त्याहूनही कमी. या एका फेरीला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, 'पास' म्हणतात. पासच्या वेळात उपग्रहाचा क्षीण आवाज पकडायचा आणि परवाना असेल तर त्याच्यामार्फत दूरच्या माणसाशी बोलायचे, एवढा हा छंद आहे. पूर्वी त्यासाठी लागणारा संच फार थोड्यांना परवडत असे. गेल्या दशकात तो काही हजार रुपयांवर आला. महाग राहिले ते मोकळे आकाश.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत ही गोष्ट चटकन लक्षात येते. पाच मीटर रुंदीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना दहा मीटर उंचीची घरे असतील, तर खाली मधोमध उभ्या माणसाला गल्लीच्या आडव्या दिशेने साधारण पंचाहत्तर अंशांच्या वरचेच आकाश दिसते. अंतराळ स्थानकाची जमिनीवरची सावली सेकंदाला सुमारे ७.२ किलोमीटर सरकते. म्हणजे गल्लीला आडवे जाणारे स्थानक त्या फटीत जेमतेम अर्धा मिनिट सापडेल. त्याच घराच्या गच्चीवर गेल्यास पुरी दहा मिनिटे हाती लागतात. पेठेच्या पश्चिमेला रंकाळा तलावाचे मोकळे पाणी असल्याने त्या बाजूच्या गच्च्यांना क्षितिज जवळपास तळापर्यंत मिळते. वायव्येचा पन्हाळा मोठा अडसर वाटतो, पण तो कोल्हापूरपेक्षा चारेकशे मीटरच उंच आहे आणि अठरा-वीस किलोमीटर दूर आहे. गच्चीवरून पाहता त्याची उंची सव्वा अंशाच्या आसपास भरते. शेजारच्याची पाण्याची टाकी त्याहून जास्त आकाश खाते.

या उपग्रहांचा इतिहास जवळपास अंतराळयुगाइतकाच जुना. स्पुटनिकला चार वर्षे होतात न होतात तोच, १२ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी तयार केलेला ऑस्कर-१ कक्षेत गेला. तो साडेचार किलोचा होता आणि मोर्स लिपीत 'हाय' एवढेच म्हणत राहायचा. बावीस दिवसांनी तो गप्प झाला आणि पुढे वातावरणात जळून गेला. मोठ्या उपग्रहाला वर नेताना प्रक्षेपकाचा तोल राखायला जे निर्जीव वजन ठेवत, त्याच्या जागी त्याला बसवले होते. मोठ्याच्या गाडीत उरलेल्या जागेवर बसून जाण्याची ही रीत हौशी उपग्रहांनी आजपर्यंत सोडलेली नाही.

१५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेल्या ऑस्कर-७ ची कथा कोणालाही खोटी वाटेल अशी आहे. १९८१ मध्ये त्याची बॅटरी आतल्या आत जुळून शॉर्ट झाली आणि उपग्रह मुका झाला. सगळ्यांनी त्याचा नाद सोडला. एकवीस वर्षांनी, २१ जून २००२ रोजी, तो पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेला भाग कालांतराने तुटून उघडा पडला असावा आणि त्यामुळे सौरपट्ट्यांची वीज थेट रेडिओला मिळू लागली, असा त्याचा उलगडा दिला जातो. बॅटरी नसल्याने पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो बंद पडतो आणि उन्हात आला की नव्याने चालू होतो.

भारताचा वाटा सुरू होतो ५ मे २००५ पासून. त्या दिवशी पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट नेला. साडेबेचाळीस किलोच्या या उपग्रहात दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतात बनलेला, दुसरा एका डच हॅमने तयार केलेला. जमिनीवरून ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास आलेल्या लहरींचा साठ किलोहर्ट्झ रुंदीचा सबंध पट्टा उचलून तो १४५.९ मेगाहर्ट्झजवळ खाली सोडायचा, एवढे त्यांचे काम. संपूर्ण पट्टाच उचलला जात असल्याने एकाच वेळी अनेक जोड्या आपापल्या जागी बोलू शकत. पट्टा खाली येताना उलटा होत असे: वरच्या टोकाचा आवाज खालच्या टोकाला. त्यामागे हिशेब आहे. उपग्रहाच्या वेगामुळे वर जाताना आणि खाली येताना वारंवारतेत जो फरक पडतो, तो पट्टा उलटवल्याने काही अंशी आपोआप कापला जातो. दोन वर्षे चालेल या अपेक्षेने सोडलेला हॅमसॅट जुलै २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. जगभरचे हॅम त्याला व्हीओ-५२ या नावाने ओळखत.

मराठी मुलुखातून कक्षेत गेलेले दोन उपग्रह मात्र विद्यार्थ्यांचे आहेत आणि दोन्ही २०१६ चे. २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ ने एकदम वीस उपग्रह सोडले, त्यात पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा 'स्वयम्' होता. दहा सेंटिमीटरचा घन आणि वजन किलोभराच्या किंचित आत. हॅम मंडळींना एकमेकांना छोटे मजकूर पाठवता यावेत, हा त्याचा हेतू. त्याहून लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे त्याचे स्वतःला सावरणे. अँटेना योग्य दिशेला राहावी म्हणून उपग्रहाला स्थिर ठेवावे लागते आणि एरवी त्यासाठी फिरती चाके किंवा विद्युतचुंबक वापरतात. 'स्वयम्'मध्ये साधे कायम चुंबक बसवले होते. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहते तसा तो राही. विजेचा खर्च शून्य. एका किलोत सगळे कोंबायचे असते, तेव्हा असा उपाय सुचतो.

२६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ ने नेलेला 'प्रथम' हा मुंबईच्या आयआयटीचा. तो दहा किलोचा होता आणि त्याचा रेडिओ हेच त्याचे वैज्ञानिक उपकरण होते. तो १४५ आणि ४३७ मेगाहर्ट्झजवळ सरळ ध्रुवणाच्या लहरी सोडी. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, खाली येताना लहरीच्या कंपनाचे प्रतल पीळ दिल्यासारखे फिरते आणि किती फिरते ते वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असते. जमिनीवर तो पीळ मोजला की आयनांबर किती दाट आहे ते कळते. त्यासाठी इतर महाविद्यालयांनीही आपल्या गच्चीवर अँटेना उभारून ऐकायचे, अशी योजना होती. उपग्रह एक आणि कान अनेक, अशी ही विभागणी होती.

कोल्हापूरला आयनांबराचा विषय परका नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे आणि तेथील १.९८ मेगाहर्ट्झच्या रडारने अनेक वर्षे वरच्या वातावरणातले वारे मोजले. चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असलेल्या या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबर कधी कधी उकळत्या दुधासारखे फुगे धरते. मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे हे जास्त घडते. रात्री आठ-नऊच्या पासमध्ये उपग्रहाचा आवाज थरथरत, तुटत येऊ लागला, तर दोष अँटेनाचा असेलच असे नाही.

आता स्वस्ताईकडे. जुन्या पद्धतीच्या ग्राहकयंत्रात प्रत्येक कामाला वेगळा सुटा भाग असे. नको त्या लहरी गाळायला स्फटिकाची गाळणी, आवाज वेगळा काढायला वेगळे मंडल, मोर्ससाठी आणखी एक. नव्या प्रकारचा संदेश ऐकायचा तर नवे मंडल जोडावे लागे. सॉफ्टवेअर रेडिओत हे सगळे भाग गणितात गेले. अँटेनाकडून आलेली लहर सेकंदाला लाखो वेळा मोजायची, त्या आकड्यांची रांग संगणकाला द्यायची आणि गाळणे, सोलणे, उलगडणे हे सारे गुणाकार-बेरजांनी करायचे. प्रत्येक क्षणी दोन आकडे घेतले जातात, लहरीच्या चक्रातल्या पाव फेरीच्या अंतराने. त्यामुळे लहर किती मोठी आहे याबरोबर ती चक्रात कुठे आहे हेही कळते. एवढे कळले की एफएम, एकपट्टी, मोर्स किंवा अंकी संदेश यांतला फरक फक्त आज्ञावलीचा उरतो.

हे गणित नवे नव्हते. ते करणारे यंत्र महाग होते. २०१२ मध्ये ते अचानक स्वस्त झाले. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी युरोपच्या बाजारात पेनड्राइव्हएवढे डोंगल विकले जात होते आणि त्यात रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप होती. ही चिप कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाला देऊ शकते, हे काही हौशी प्रोग्रॅमरांच्या ध्यानात आले. त्यांनी तसे सॉफ्टवेअर लिहिले आणि टीव्हीचे ते डोंगल सुमारे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतचा रेडिओ बनले. कंपनीने ते यासाठी बनवले नव्हते. आज हेच डोंगल 'आरटीएल-एसडीआर' नावाने मुद्दाम रेडिओसाठी सुधारून विकले जाते. सोबतचे एसडीआर-शार्प, जीक्यूआरएक्स, एसडीआर-प्लस-प्लस हे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

स्वस्ताईची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, आकड्यांचा बारकावा. हे डोंगल आठ बिटांचे आहे, म्हणजे लहरीची उंची ते फक्त २५६ पायऱ्यांत मोजते. शहरातले एफएम केंद्र किलोवॅटांत बोलते आणि काही किलोमीटरवर असते. उपग्रह अर्ध्या वॅटने, हजार किलोमीटरवरून बोलतो. टोमॅटो एफएमचा ९४.३ मेगाहर्ट्झचा ठणठणाट त्या सगळ्या पायऱ्या व्यापून बसला, तर १४५ वरची कुजबूज पहिल्या पायरीच्याही खाली राहते. म्हणून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारी छोटी गाळणी डोंगलच्या आधी लावतात. अनुभवी माणूस दुसरे महाग डोंगल घेण्याआधी ही गाळणी घेतो.

दुसरी, घड्याळाचा कच्चेपणा. अगदी स्वस्त डोंगलमधला स्फटिक दशलक्षात पन्नास भागांनी चुकू शकतो. ४३७ मेगाहर्ट्झवर ही चूक सुमारे २२ किलोहर्ट्झ होते, म्हणजे उपग्रह एका चॅनेलवर असतो आणि ऐकणारा भलत्याच चॅनेलवर कान लावून बसतो. तापमानानुसार स्वतःला सावरणारा स्फटिक असलेले डोंगल थोडे महाग पडते, पण त्याची चूक दशलक्षात एकाच्या आसपास राहते.

तिसरी किंमत डोंगलची नाही, घराची आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सौरपट्ट्यांची नियंत्रक पेटी, सगळे वीज वेगाने तोडून-जोडून चालतात आणि रेडिओत खरखर ओततात. गणपतीच्या दिवसांत गल्लीभर दिव्यांच्या माळा लागल्या की ही खरखर किती वाढते, ते पडद्यावर डोळ्यांनी दिसते.

तो पडदा म्हणजे सॉफ्टवेअर रेडिओची खरी देणगी. त्यावर वारंवारता आडवी आणि काळ उभा मांडलेला असतो. लहर जिथे असेल तिथे रंग उजळतो आणि चित्र सतत खाली वाहत राहते, म्हणून त्याला वॉटरफॉल म्हणतात. चार्जर, केबल टीव्ही, शेजारचा राउटर यांच्या खुणा तिथे ओळंब्यासारख्या सरळ उभ्या उतरतात किंवा कशाही वेड्यावाकड्या भरकटतात. उपग्रहाची खूण मात्र इंग्रजी एस अक्षरासारखी, एका दिशेने वळत जाते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते, त्याच कारणाने. अंतराळ स्थानकाच्या ४३७.८ मेगाहर्ट्झच्या लहरी उगवताना सुमारे दहा किलोहर्ट्झ वर असतात आणि मावळताना तेवढ्याच खाली. डोक्यावर असताना बदल सर्वांत वेगाने होतो. १४५.८ वर हा फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास राहतो. जुन्या यंत्रावर हे सरकणे कानाने ओळखून हाताने बटण फिरवत राहावे लागे. आता वळणारी रेघ दिसली की ती आकाशातली, हे पोरही सांगते.

रेघ केव्हा आणि कुठून उगवेल, याचा अंदाज आधी काढता येतो. प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेचे आकडे दोन ओळींत लिहून प्रसिद्ध केले जातात. जीप्रेडिक्टसारखा प्रोग्रॅम ते आकडे आणि आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश घेऊन पासची वेळ सेकंदापर्यंत सांगतो. शिवाजी पेठेसाठी १६.७ अंश उत्तर आणि ७४.२ अंश पूर्व पुरेसे आहे. वातावरणाच्या विरळ घर्षणाने कक्षा बदलत राहते, त्यामुळे हे आकडे दर काही दिवसांनी ताजे घ्यावे लागतात. शिळ्या आकड्यांवर विसंबणारा पास चुकवतो. अंतराळ स्थानक कोल्हापूरवर एक तर नैऋत्येकडून ईशान्येकडे जाते, नाही तर वायव्येकडून आग्नेयेकडे. दिवसातल्या फेऱ्यांपैकी चांगल्या उंच अशा एक-दोनच असतात आणि त्या पहाटे तीनलाही असू शकतात.

अँटेना घरी बनवण्यात या छंदाची निम्मी मजा आहे. ऐकण्यापुरती सर्वांत सोपी म्हणजे दोन दांड्यांची, १२० अंशांत उघडलेली व्ही आकाराची. १३७ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक दांडी सुमारे ५३ सेंटिमीटर. १४५ साठी ती थोडी आखूड करायची. अॅल्युमिनियमच्या दांड्या उद्यमनगरात मिळतात आणि केबल डिश टीव्हीची चालते. ७५ ओहमची ती केबल ५० ओहमच्या यंत्राला जोडल्यावर जुळणी चुकते हे खरे, पण त्यात शक्तीचे फक्त चार टक्के वाया जातात. केबल लांबवत खालच्या मजल्यावर नेल्यास मात्र खरे नुकसान होते. त्यामुळे संदेश वाढवणारे प्रवर्धक यंत्र लावायचेच असेल तर ते गच्चीवर, अँटेनाच्या अगदी जवळ लावतात. केबलमध्ये हरवलेले नंतर वाढवता येत नाही, वाढते ती फक्त खरखर.

४३७ साठी हातात धरण्याजोगी यागी अँटेना बनवतात. पाइप प्लंबरचा पीव्हीसीचा आणि दांड्या सुताराच्या पोलादी टेपच्या, दाराच्या चौकटीत अडकल्या तरी वाकून पुन्हा सरळ होणाऱ्या. ज्यांच्या लहानपणी छपरावर दूरदर्शनची यागी होती, त्यांना ती हलवायचे शास्त्र शिकवावे लागत नाही. एक जण वर, दुसरा खाली आणि मध्ये 'आलं का?' 'अजून थोडं डावीकडं!' फरक इतकाच की इथे केंद्र स्वतः पळत असते. हाताने दिशा धरायची आणि मनगट फिरवून अँटेना आडवी-उभीही करत राहायची, कारण गटांगळ्या खाणाऱ्या उपग्रहाच्या लहरीच्या कंपनाचे प्रतल सतत बदलते. मनगटाच्या एका वळणाने बुडालेला आवाज वर येतो. क्षितिजावरचे स्थानक तेवीसशे किलोमीटर दूर असते आणि डोक्यावरचे ४२० किलोमीटर. म्हणजे डोक्यावर असताना शक्ती सुमारे तीस पट मिळते. म्हणून नवशिक्याने पास निवडताना संख्येपेक्षा उंची पाहावी.

ऐकायला काय आहे? अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा आवाज सर्वांत सोपा. शाळांतल्या मुलांशी अंतराळवीर बोलतात ते याच वारंवारतेवर. काही वेळा चित्रे आवाजाच्या रूपात पाठवली जातात आणि दोन मिनिटांत एक चित्र ओळीओळीने पडद्यावर उमटते. भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला ४ जुलै २०२५ रोजी स्थानकातून हॅम रेडिओवरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी बोलले, तेव्हा दक्षिण भारतात साधी अँटेना लावून बसलेल्यालाही त्यांची बाजू ऐकता येण्याजोगी होती.

हवामानाची चित्रे हा दुसरा मार्ग. डोंगलबरोबर येणाऱ्या बहुतेक मार्गदर्शिका अजून अमेरिकेच्या नोआ-१५, १८ आणि १९ पासूनच सुरू करायला सांगतात. हे तिन्ही उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्या सूचना वाचून रात्रभर जागण्यात अर्थ नाही. त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रशियाचे मीटिऑर उपग्रह अंकी स्वरूपात चित्रे पाठवतात आणि सॅटडंप हा प्रोग्रॅम ती उलगडतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून सह्याद्रीला धडकणारे ढग आपल्या गच्चीवर बनलेल्या चित्रात पाहता येतात.

यातला सर्वांत वेगळा उपग्रह मावळतच नाही. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेल्या कतारच्या एस्हेल-२ वर हौशी रेडिओचा ट्रान्सपाँडर आहे. क्यूओ-१०० हे त्याचे हॅमचे नाव. तो विषुववृत्तावर, २६ अंश पूर्व रेखांशाजवळ स्थिर आहे. कोल्हापुरातून तो पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर सापडतो. पेठेतल्या टीव्हीच्या डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात, ही एकटी उलट्या बाजूला पाहील. त्याच्या लहरी १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या वर येतात. डोंगलच्या आवाक्याबाहेरच्या. पण डिशच्या तोंडाशी असलेली एलएनबी त्यातून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करते आणि उरलेले ७३९.५ डोंगलला सहज झेपते. एलएनबीला वीज मात्र १३ व्होल्टची वेगळी द्यावी लागते, डोंगलची पुरत नाही. मग आफ्रिका, युरोप आणि पश्चिम आशियातले हॅम दिवसभर ऐकू येतात, दहा मिनिटांच्या घाईशिवाय.

बोलायचे झाले की परवाना लागतो. केंद्राच्या दूरसंचार विभागातील डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन तो देते. त्याच्या साधारण आणि मर्यादित अशा दोन श्रेणी आहेत. मर्यादित श्रेणीला मोर्सची परीक्षा नसते. किमान वय बारा वर्षे. परीक्षेत विजेचे आणि रेडिओचे प्राथमिक ज्ञान आणि नियम विचारतात. पास झाल्यावर 'व्हीयू' ने सुरू होणारे संकेतनाम मिळते आणि प्रत्येक संभाषणात ते सांगावे लागते. बहुतेक संभाषणे एका उपग्रहाच्या एकाच चॅनेलवर चालतात, म्हणून कोणी लांबण लावत नाही. २००२ मध्ये सोडलेल्या सौदी एसओ-५० वर १४५.८५० ने वर बोलायचे आणि ४३६.७९५ वर खाली ऐकायचे, आणि पाव वॅटची ती एकच वाट मस्कतपासून कोलंबोपर्यंतच्या सगळ्यांना मिळून वापरायची असते.

त्यामुळे देवघेव दोनच गोष्टींची होते: संकेतनाम आणि जागा. जागा गावाच्या नावाने सांगत नाहीत. पृथ्वीचे दोन अंश रुंद आणि एक अंश उंच असे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला चार चिन्हे दिली आहेत. कोल्हापूर, इचलकरंजी आणि सांगली एकाच चौकोनात येतात, 'एम के ७६'. रत्नागिरी शेजारच्या 'एम के ६६' मध्ये पडते आणि बेळगाव एका पायरीने खाली, 'एम के ७५' मध्ये. शिवाजी पेठेतल्या गच्चीवरून केलेली हाक उपग्रहामार्फत पलीकडे पोहोचते, तेव्हा तिकडच्या वहीत कोल्हापूर असे काही लिहिले जात नाही. वेळ, वारंवारता, व्हीयूचे संकेतनाम आणि त्यापुढे 'एम के ७६' एवढीच नोंद होते. तोवर पुढचा हॅम आपली हाक देऊ लागलेला असतो.